शनिवारच्या दोन पाट्या

माझं शिक्षण किती, असं कोणी विचारलं की मी सांगतो, शनिवारपुरतं. लोकांना वाटतं म्हातारा थट्टा करतोय. थट्टा नाही. माझा बाप पनवेलात एका तेल्याच्या घाण्यावर बैल हाकायचा. त्याला दम लागायला लागला तसा बैलामागं मी फिरायला लागलो. तेली बेने इस्राएल होते. आमच्याकडे त्यांना शनवार तेलीच म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. शुक्रवारी सूर्य बुडाला की बैल सुटायचा, तो शनिवारचा सूर्य बुडेपर्यंत. सुट्टी बैलाला, तशी मलाही. मग शनिवारी सकाळी मी शाळेत जायचो. अशी चार वर्षं काढली. चौथीच्या परीक्षेला बसलो नाही, कारण ती मंगळवारी होती.

त्या तेल्याची मुलगी माझ्याच वर्गात. ती सगळे दिवस यायची, पण शनिवारी पाटी-पेन्सिलीला हात लावायची नाही. त्यांच्या धर्मात त्या दिवशी लिहायचं नसतं. गुरुजींनी बघितलं, एक पोरगी शनिवारी लिहीत नाही आणि एक पोरगा शनिवारीच तेवढा लिहितो. त्यांनी मला मुलींच्या रांगेला लागून बसवलं आणि म्हणाले, "ती सांगेल ते तिच्या पाटीवर लिही. आधी तिची पाटी, मग तुझी." तेव्हापासून दर शनिवारी मी दोन पाट्या लिहिल्या. मला जी अक्षरं येतात, जे पाढे येतात, ते सगळे तिच्या तोंडून आलेले आहेत.

एकदाच घोळ झाला. तिनं नऊ साते त्रेसष्ट सांगितलं. मला वाटलं चौसष्ट. मी माझ्या अकलेनं तिच्या पाटीवर चौसष्ट लिहिलं. गुरुजींनी तिला अंगठे धरून उभं केलं. ती तीन शनिवार माझ्याशी बोलली नाही. उत्तरं भिंतीकडं बघून सांगायची.

पुढं ती मॅट्रिक झाली, लग्न झालं, आणि त्यांच्यातली बरीच घरं इस्रायलला गेली तशी तीही गेली. घाणा मोडला. मी आमच्या खाडीकाठच्या शेतावर गेलो. जन्मभर खारं पाणी भाताच्या खाचरात शिरू नये म्हणून बांध घालत राहिलो. शेवटी ती जमीन नव्या शहरात गेली आणि मी सुकापूरला घर बांधलं.

त्या घराच्या दारात एक दिवस काठी टेकत एक बाई येऊन उभी राहिली. तेव्हा विमानतळ येणार येणार म्हणून गावोगाव बोलणी चालली होती, आणि दारात कोणी अनोळखी दिसलं की जमिनीचा दलाल असणार असंच आम्ही धरून चालायचो.

"ओळखलंस का रे?"

"आधी चष्मा काढ."

तिनं काढला.

"तुज्या बापाचा बैल चार वर्सं हाकला. वळकनार नाय?"

"बैलाला ओळखशील रे. मी माझं विचारते."

आतून माझी बायको पदराला हात पुसत आली. "बसा बाय. हा मानूस पावन्याला दारातच भांडत ठेवल."

ती बसली, चहा घेतला. इतकी वर्षं तिकडं राहून तिची मराठी जशीच्या तशी होती. उलट आता आमची पोरं बोलतात त्यापेक्षा जास्त जुनी. तिचा मुलगा इंजिनिअर. समुद्राचं खारं पाणी गोडं करायची यंत्रं तो बसवतो, आणि तेवढ्यासाठी त्याला तळोज्याच्या एका कारखान्यात तीन वर्षांसाठी पाठवलेलं. मी जन्मभर ज्या पाण्याला हाकललं, ते हा मोठ्या पगारावर गोडं करणार. मला हसू आलं. सून, मुलगा आणि दहा वर्षांची नात, असे सगळेच आलेले. कंपनी खारघरला टॉवरमध्ये घर देत होती, पण म्हातारीनं हट्ट धरून पनवेलातच, त्यांच्या मशिदीच्या जवळ, भाड्याचं घर घ्यायला लावलं. त्यांच्या देवळाला ते मशीदच म्हणतात.

"नातीच्या शाळेचं बघायचंय," ती म्हणाली. "मुलगा म्हणतो खारघरची इंटरनॅशनल. मी म्हणते आपली. तू चल. गावातला माणूस बरोबर हवा."

"मी चौथी."

"चौथी पण नाही तू. तरी चल."

आधी खारघरला गेलो. मी तिथं नावं ठेवायच्या तयारीनंच गेलो होतो, पण खोटं कशाला सांगू, शाळा चांगली होती. काचा पुसलेल्या, पोहायचा तलाव निळा, पोरं देशोदेशीची, आणि बाई इतक्या गोड बोलणाऱ्या की रागवायला जागाच नाही. आम्हा सगळ्यांच्या गळ्यात पाहुणे म्हणून पट्टे अडकवले. शनिवार-रविवार दोन्ही दिवस सुट्टी. तिथल्या पोरांनी आमच्या पोरीला, म्हणजे तिच्या नातीला, गोल करून विचारलं, तू कुठल्या देशाची? तिनं इस्रायल सांगितलं. मग दुसऱ्यानं आपला सांगितला, तिसऱ्यानं आपला. झालं. पुढं कुणाला काय बोलावं ते सुचेना. सगळी आपापल्या बसकडं गेली.

दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेत गेलो. मधली सुट्टी होती. दगडी पायऱ्या त्याच, मधोमध झिजलेल्या. पोरगी आजीचा हात धरून उभी. एक काळी, दात पडलेली मुलगी धावत आली आणि तिच्या पिशवीकडं बोट करून म्हणाली, "डब्यात काय आहे?"

पोरीला आजीनं मराठी लिहा-वाचायलाही शिकवलेलं, तरी तिनं आजीकडं बघितलं. आजीनं मराठीत सांगितलं, "विचारतेय ना, दाखव."

डब्यात पोळी आणि खोबऱ्याची चटणी. ती मुलगी म्हणाली, "मी पण चटणीच आणलीय, पण माझी तिखट आहे. खाशील?" आणि आमच्या पोरीला ओढत घेऊन गेली. घंटा झाली तरी दोघी सापडेनात. शेवटी लंगडीच्या डावात सापडल्या. आमच्या पोरीचं नाक लाल, डोळ्यांतून पाणी, आणि हसतेय.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरी मुलगा मला म्हणाला, "काका, तीन वर्षांनी आम्ही परत जाणार. तिकडे हा दाखला कोण विचारणार? त्या शाळेचा अभ्यास तिकडच्याशी जुळतो. ऑफिस सगळं बघतंय. थोडं प्रॅक्टिकल बघा ना."

"तुजी आई पनवेलचा दाखला घेऊन तिकडं गेली. तिकडं नर्स झाली. तिला कोनी इचारलं?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"गोस्टी कवाबी येगळ्याच असतात. पोरीला इचार."

पोरीनं सांगितलं, चटणीवाली शाळा. मी मांडीवर थाप मारली. सून हसली. मुलगा हसला नाही. तो आईकडं बघून हळूच म्हणाला, "आई, आणि शनिवार?"

आमची शाळा शनिवारी अर्धा दिवस भरते, आणि मुलाचं काही नाही, तो पाळत नाही. पण नातीनं आजीचं धरलेलं. शनिवारी पेनाला हात लावत नाही, कोणी कितीही सांगा. ज्याचं सगळं शिक्षण शनिवारनं झालं तोच मी, शनिवार विसरून एवढी बढाई मारत बसलो होतो.

मला माझीच चीड आली, आणि मला चीड आली की तोंडातून शब्द जातो. मी म्हणालो, "शनवारचं मी बघतो. जबान दिली."

"कशी बघणार?" म्हातारीनं विचारलं.

"ते मी बघतो म्हनलं ना."

मुलानं सरळ सांगितलं. "खारघरची सीट मी पहिल्या चाचणीपर्यंत धरून ठेवतो. तोवर जमलं तर ठीक. नाही जमलं तर तुम्ही दोघांनी परत काही म्हणायचं नाही." म्हातारीनं मान हलवली. मला तिच्याकडं बघवेना. तिनं नातीला आपल्या शाळेच्या पायरीवर बसवायला अर्धं जग ओलांडलं होतं, आणि आता ते सगळं माझ्या शब्दावर येऊन टेकलं होतं.

मी शाळेत मोठ्या बाईंकडं गेलो. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. कडक, पण ऐकून घेणारी बाई. एरवीच्या शनिवारचं त्यांनी चटकन मान्य केलं, वर्गात नुसती बसेल, रविवारी शेजारणीच्या वहीतून उतरवून घेईल. पण चाचण्या सगळ्या शनिवारीच असायच्या, आणि तिथं त्या हटेनात.

"आजोबा, पेपर कोरा ठेवला तर मी मार्क कुठून देऊ?"

"ती तोंडानं सांगंल. दुसरं कोनी लिवंल. आमच्या येळंला असंच व्हायचं."

"तुमच्या वेळेला गुरुजींचा कायदा होता. आता नियम आहेत."

दुसऱ्या दिवशी परत गेलो. व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. तिसऱ्या दिवशीही बसलो. शिपाई विचारायचा, "बाबा, काम काय?" मी म्हणायचो, "बसायचं." चौथ्या दिवशी मोठ्या बाईंनीच आत बोलावलं.

"हे बघा. मागे एका मुलाचा हात मोडला होता, त्याला लेखनिक दिला होता. म्हणजे तो सांगणार आणि दुसरा लिहिणार. पण त्यालाही नियम आहे. लेखनिक खालच्या इयत्तेचा लागतो, म्हणजे तो स्वतःच्या डोक्यानं उत्तर घालू शकत नाही. आणि शनिवारी खालच्या इयत्तांच्याही चाचण्या असतात. मुलगा कुठून आणू?"

"पोरगी कितवीत?"

"पाचवीत."

"म्हंजे लिवनारा चौथीवाला पायजे."

"हो."

"मंग मी हाय ना."

बाई आधी हसल्या. मग माझ्याकडं बघून थांबल्या. "चौथीचा काही पुरावा?"

"दाखला नाय नेला कवा. पन मी हितलाच हाय. तुमच्याच वहीत असंल."

शिपायानं जुनं रजिस्टर काढलं. पुठ्ठा सुटलेला, पानांना उंदरांनी कुरतडलेलं. अर्धा तास शोधलं. सापडलं. माझं नाव, बापाचं नाव, गाव, आणि शेवटच्या रकान्यात गुरुजींच्या अक्षरात लिहिलेलं, शाळा सोडल्याचं कारण, कामधंदा. त्याच पानावर सहा ओळी वर तिचं नाव. सत्तरीला टेकल्यावर मी पहिल्यांदा माझं नाव शाळेच्या वहीत वाचलं. बोट ठेवून वाचलं. माझ्या शिक्षणाला लोक जन्मभर कमी म्हणत आले. सरपंचानं म्हटलं, जमिनीच्या कचेरीतल्या कारकुनानं म्हटलं, जावयानं म्हटलं. आणि इथं नियमाला बरोबर तेवढंच हवं होतं.

बाईंनी कागदावर लिहून घेतलं. एका चाचणीपुरतं, आणि तेही त्यांच्या डोळ्यांसमोर, ऑफिसात. "एक शब्द जरी तुमचा त्यात दिसला, तर पुढच्या वेळी नाही."

घरी येऊन सांगितलं तर बायको पोट धरून हसली. "चौथी नापास मानूस पाचवीच्या परीक्षेला बसतोय!"

"नापास नाय. बसलोच नवतो."

"मंग लिव की. मी सांगते, बोंबील, कोलीम, हलद, मीठ."

मी लिहिलं. 'हलद' नव्हे, 'हळद' लिहिलं म्हणून तीच माझ्यावर डाफरली, "मी सांगते तसं लिवायचं ना? तू कशाला सुधारतोस?" चेष्टेत बोलली, पण मला ते टोचलं, कारण माझी जुनी खोड तीच. मी रोज सकाळी एक पान लिहायला लागलो. ती सांगेल ते, जसं सांगेल तसं. कधी मुद्दाम चुकीचं सांगायची, मी तसंच लिहायचो.

चाचणीचा शनिवार आला. गणित. म्हातारी नातीला घेऊन चालत आली. त्या दिवशी त्या दोघी गाडीतही बसत नाहीत. माझ्या अंगात धुतलेला सदरा, खिशात दोन टोक केलेल्या पेन्सिली. ऑफिसच्या दाराशी म्हातारीनं मला अडवलं.

"लक्षात आहे ना?"

"काय?"

"चौसष्ट."

एवढं बोलून ती पायऱ्यांवर जाऊन बसली.

आत लहान बाक होतं, माझे गुडघे वर आले. समोर मोठ्या बाई. पोरीनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले, चुकून सुद्धा पेन्सिलीकडं जाऊ नयेत म्हणून. ती प्रश्न मनात वाचायची, वर छताकडं बघायची आणि आकडा एकेक करून सांगायची. मी लिहायचो. बेरजा झाल्या, वजाबाक्या झाल्या. पोरगी हुशार. मला मध्येच अभिमान वाटायला लागला, जसं काही माझंच डोकं चालतंय.

मग आलं आंब्यांचं गणित. एका पेटीत अठ्ठेचाळीस आंबे, अशा सव्वीस पेट्या, तर आंबे किती? हे तर मी झोपेत सांगीन. पंचवीस पेट्यांचे बाराशे, वर एक पेटी अठ्ठेचाळीस, बाराशे अठ्ठेचाळीस. पोरीनं पायरी-पायरीनं सांगितलं, दोनशे अठ्ठ्याऐंशी, नऊशे साठ. मी लिहिलं. मग बेरीज करताना हातचा विसरली. "एक, एक, चार, आठ," ती म्हणाली.

माझी पेन्सिल थांबली.

अकराशे अठ्ठेचाळीस. शंभर आंबे गेले. मला घशात खोकला जाणवला. नुसतं खोकलो असतो तरी पोरगी परत मोजणार होती, आणि खोकल्याला कुठं नियम आहे? बाहेर पायऱ्यांवर तिची आजी बसलेली. हा पेपर बिघडला तर खारघरची सीट ठरली, माझी जबान गेली. हे सगळं एका पेन्सिलीच्या टोकावर. मोठ्या बाई बघत होत्या, हे मला कळत होतं, पण त्यांची भीती नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर अंगठे धरून उभी राहिलेली तेल्याची मुलगी होती. तेव्हा मला माझी अक्कल जास्त वाटली होती.

मी खोकला गिळला आणि लिहिलं, एक, एक, चार, आठ.

बाहेर आलो. म्हातारी उठली. "काय केलंस?"

"सांगितलं ते."

"चुकली का कुठं?"

"ते मी कशाला सांगू?"

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि नातीचा हात धरून चालायला लागली.

सोमवारी आम्हा सगळ्यांना बोलावलं. मुलगा रजा काढून आलेला. मोठ्या बाईंनी पेपर टेबलावर ठेवला. वीसपैकी सतरा. आंब्यांच्या गणितावर लाल रेघ. मुलानं ती रेघ बघितली आणि कपाळाला आठी पडली.

बाई मला म्हणाल्या, "आजोबा, या गणितापाशी तुमची पेन्सिल थांबली होती. का?"

"बाराशे अठ्ठेचाळीस पायजे होतं."

"तुम्हाला येत होतं?"

"पंचवीस पेट्या बाराशे, वर एक पेटी."

"मग लिहिलं का नाही?"

"मना कोनी इचारलं?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला आणि माझ्यासमोर लिहिलं, सर्व शनिवारच्या चाचण्यांसाठी, पूर्ण वर्ष. खाली सही केली, शिक्का मारला. मग मुलाकडं बघून म्हणाल्या, "ही तीन मार्कांची चूक नसती, तर मी हा कागद दिला नसता. असा लेखनिक मला बोर्डाच्या परीक्षेला सुद्धा मिळत नाही."

मुलानं व्हरांड्यात जाऊन खारघरला फोन लावला. सीट सोडली. आत आला तेव्हा माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला धरलं. तिकडं वाढलेल्या पोराला हे कोणी शिकवलं असेल म्हणून मी म्हातारीकडं बघितलं. ती छताकडं बघत होती, नात बघते तशीच.

पोरगी मात्र माझ्यावर भडकली. "तुम्हाला माहीत होतं! आणि तुम्ही चुकीचं लिहिलं!" तिला काही पटेना. दोन शनिवार माझ्याशी बोलली नाही. वर्गातून सुटली की चटणीवालीचा हात धरून माझ्या अंगावरून सरळ निघून जायची.

म्हातारी म्हणाली, "मी तीन शनिवार बोलले नव्हते. ही दोनातच वळली. पुढची पिढी जरा मऊ निघाली."

"तुला चुकीचं लिवलं म्हनून राग, तिला बरोबर लिवलं नाय म्हनून राग. तुमच्या घरच्या बायकांपुढं मानसानं लिवायचं तरी काय?"

"सांगितलं ते. आता शिकलास. किती वर्षं लागली बघ."

पुढची चाचणी आली. पोरगी बाकावर बसली, हात मांड्यांखाली घातले. पहिली बेरीज आली. ती सांगता सांगता थांबली, माझ्या पेन्सिलीकडं रागानं बघितलं, ओठ हलवून परत मोजलं, आणि मग ठासून म्हणाली, "हातचा एक. आता लिहा." मी लिहिला. वीसपैकी वीस.

तीन वर्षं मी तिचे सगळे शनिवार लिहिले. ती सहावीत गेली, सातवीत गेली, आणि मी चौथीतच राहिलो, म्हणून चाललं. दर चाचणीला कागदावर एक रकाना भरायचा असे, लेखनिकाचं शिक्षण. तो मी स्वतः भरायचो, सावकाश, काना-मात्रा बघून. चौथी. आणि खाली सही. तिथं मला कोणी सांगायचं नसे.